तळमजल्यावरून पहिल्या मजल्यावर: सोसायटीच्या पूल टेबलाच्या नोंदी

शनिवार, २ ऑगस्ट २०२५

समितीच्या बैठकीत ठरलं की यंदा गणपती क्लबहाउसच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये बसणार. गेल्या वर्षी पार्किंगमध्ये मांडव घातला होता आणि तिसऱ्या दिवशी घोटाभर पाण्यात उभं राहून आरती म्हणावी लागली. हॉल चांगला मोठा आहे, पण बरोबर मधोमध पूल टेबल, काठीने बॉल खिशांत घालायच्या खेळाचं. ते वरच्या जुन्या जिमच्या खोलीत न्यायचं. ट्रेडमिल मोडीत गेल्यापासून ती खोली रिकामीच आहे.

मंडळाचा एक उत्साही कार्यकर्ता म्हणाला, "काका, आठ पोरं लावतो. उचललं की वर. अर्ध्या तासाचं काम."

मी म्हटलं, ते उचलायचं नसतं, सोडवायचं असतं. एवढं बोललो आणि काम माझ्या गळ्यात पडलं. बोलेल तो करेल, हा आमच्या समितीचा एकमेव नियम आहे जो कटाक्षाने पाळला जातो. चतुर्थी २७ तारखेला. भोसरीत टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढली, लेथ मशीनचे बेड लेव्हल केले, पण पूल टेबल कधी उघडलेलं नाही. म्हणून या नोंदी. पुढच्या समितीला पुन्हा खाली आणावंसं वाटलं तर उपयोगी पडतील.

रविवार, ३ ऑगस्ट

सकाळी टॉर्च घेऊन टेबलाखाली आडवा झालो. बायकोने फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला.

टेबल आठ फुटी आहे. आठ फूट हे नुसतं नाव. रबरी कुशनच्या आतली खेळायची जागा ८८ इंच गुणिले ४४ इंच, म्हणजे साधारण २२३ बाय ११२ सेंमी. कापडाखाली स्लेटचा दगड आहे, तीन तुकड्यांत. खालून दोन सांधे स्पष्ट दिसतात. जाडी एक इंच. प्रत्येक तुकडा १२७ बाय ८० सेंमी भरतो. स्लेटची घनता २.७ धरली तर १२७ × ८० × २.५ × २.७, म्हणजे सुमारे ६८ किलो. तीन तुकड्यांचे दोनशे किलो. लाकडी सांगाडा, पाय, कुशनच्या पट्ट्या धरून सगळं साडेतीनशेच्या आसपास जाईल.

आता आठ पोरांनी हे अख्खं उचललं तर काय होईल? पोरांना काही होणार नाही, ती दहीहंडीची पोरं आहेत. पण आठ जण कधीच एकसारखं उचलत नाहीत. एक कोपरा दोन इंच वर गेला की सांगाडा पिळतो. लाकूड पिळ सहन करतं, दगड करत नाही. स्लेट दाबाला भक्कम आणि वाकण्याला नाजूक. सांध्यातलं भरण सुटतं, स्क्रूच्या भोकापाशी तडा जातो. आणि वाटेत कुठे टेकवताना एकाच पायावर भार आला तर पायाचा बोल्ट वाकतो किंवा लाकूडच फाटतं. ओढत नेण्याचा परिणामही तोच. आमच्या टेबलाचा एक पाय आधीच किंचित तिरका आहे, म्हणजे हा प्रयोग कोणीतरी पूर्वी करून झालेला आहे.

वरची खोली १४ बाय १८ फूट. नेहमीची क्यू म्हणजे काठी ५८ इंचांची. चारही बाजूंनी तेवढी जागा हवी, म्हणजे १३ फूट ४ इंच बाय १७ फूट. बसतंय, रुंदीत दोन्हीकडे चार-चार इंच उरतात. एका कोपऱ्यात खांब आहे, तिथे काठी अडकणार. तेवढ्यासाठी ४८ इंची आखूड काठी आणायची, असं लिहून ठेवलं.

मंगळवार, ५ ऑगस्ट

दोन पॅकर्स-मूव्हर्सना फोन केले. दोघांनी "हो, फर्निचर ना?" असं विचारलं. दोघांनाही नाही म्हटलं.

लिफ्टमध्ये पाटी आहे: ८ व्यक्ती, ५४४ किलो. म्हणजे माणशी ६८. दगडाचा एक तुकडा लिफ्टच्या हिशेबात बरोबर एक माणूस आहे! तुकडा उभा करून, सोबत दोन जण, आरामात जाईल. सांगाड्याच्या लांब फळ्या मात्र २४० सेंमीच्या, त्या जिन्यानेच न्याव्या लागतील. जिन्याच्या वळणावर पुठ्ठ्याची तेवढीच लांब पट्टी फिरवून पाहिली. उभी धरली तर वळते.

रविवार, १० ऑगस्ट

सोडवण्याचा दिवस. मी, सुतारमामा आणि अकरावीतली दोन मुलं, जी या टेबलावर सगळ्यात जास्त खेळतात. सुरुवातीलाच नियम केला: प्रत्येक पायरीला आधी फोटो, मग पाना.

खिशांच्या जाळ्या आधी सोडवल्या. मग खालून कुशनच्या पट्ट्यांचे बोल्ट. सहा पट्ट्या, प्रत्येकीला तीन, एकूण अठरा. सतरा सुटले, अठरावा गंजलेला. जोर लावला असता तर आतला नट लाकडात फिरला असता, म्हणून तेल सोडून चहा घेतला. चहानंतर सुटला. प्रत्येक पट्टीचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर क्रमांक, तोच क्रमांक पट्टीच्या खालच्या बाजूला. सहाही पट्ट्या दिसायला सारख्या असतात, पण आपल्या जागी बसून-बसून त्यांची भोकं आपापल्या बोल्टला सरावलेली असतात.

कापड. सगळे त्याला फेल्ट म्हणतात, पण ते फेल्ट नव्हे; लोकर आणि नायलॉनचं विणलेलं कापड आहे. दगडाच्या खाली चिकटवलेल्या लाकडी पट्टीला ते स्टेपलने ठोकलेलं असतं. मुलांनी पक्कड घेऊन एकेक स्टेपल काढली. मोजायची पैज लागली होती, दोनशे अकरा भरल्या. कापडाला दोन ठिकाणी चरे होते आणि एकदा सैल झालेलं कापड पुन्हा तितकंच ताणलं जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून तळाचं कापड नवं आणायचं ठरलं. कुशनवरचं तेच राहील.

कापड निघाल्यावर खरं टेबल दिसलं. राखाडी, थंड, हात फिरवला तर काचेसारखं. सांध्यांत पिवळट मेण भरलेलं. प्रत्येक तुकड्यावर १, २, ३ लिहिलं, आणि कुठली कड खिडकीकडे होती त्याचा बाण. खडूने नाही, मार्करने, आणि कडेवर, पृष्ठभागावर नाही.

स्क्रूंची डोकी मेणाखाली दडलेली होती, टोच्याने कोरून काढली. पहिला तुकडा उचलला तर सांगाड्यावर पत्ते! खेळायचे पत्ते, दगडाखाली लेव्हलसाठी घातलेले. इस्पिकची राणी, किलवरची तिर्री, अर्धा कापलेला जोकर. सुतारमामा म्हणाले, "बघा, आधीचा गडी तीन पत्ती खेळून गेलाय."

तिन्ही तुकडे गादीवर, भिंतीला टेकवून, लांब कडेवर उभे ठेवले. आडवे नाही. आडव्या तुकड्याला मधे आधार नसला की तो स्वतःच्या वजनानेच वाकायला बघतो. उभा असला की वाकायचा प्रश्नच नाही. काचेचं तावदान नेतात तसं.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

झेंडावंदनाला सगळे हजर असतात, त्याचा फायदा घेतला. पांढऱ्याशुभ्र कपड्यांतली मंडळी पाहून जरा वाईट वाटलं, पण उद्या दहीहंडी आहे, पोरं दोन दिवस सापडणार नव्हती.

सूचना दिल्या: चप्पल घालून कोणी दगडाला हात लावायचा नाही. बूट नसतील त्याने दार धरायचं. अंगठ्या, कडी काढून ठेवायची. उचलताना एकच माणूस बोलेल. टेकवताना आधी कड, कोपरा कधीच नाही, कारण कोपरा पहिला उडतो. आणि हातातून सुटला तर सुटू द्यायचा, पाय मधे घालायचा नाही. दगड नवा मिळेल.

प्रत्येक तुकड्याला गोधडी गुंडाळली, दोन कॅनव्हासचे पट्टे खालून घेतले, चार जणांनी लिफ्टपर्यंत नेला. लिफ्टचा तळ हॉलच्या फरशीपेक्षा बोटभर वर थांबतो. ढकलगाडीचं चाक तिथे आपटलं असतं आणि दगडाला तोच झटका नको होता, म्हणून गाडी वापरलीच नाही.

दुसरा तुकडा आणि दोन पोरं आत, दार बंद, आणि लाइट गेली. जनरेटर चालू व्हायला चाळीस सेकंद लागले असतील. आतून आवाज आला, "काका, दगड ठीक आहे!" स्वतःबद्दल काही बोलले नाहीत.

त्या चाळीस सेकंदांत आमच्या फौजी काकांनी (सुभेदार म्हणून निवृत्त) स्नूकरचा जन्म सांगून घेतला. त्यांना एवढी संधी पुरते. १८७५ साली जबलपुरात, पावसाळ्यात कंटाळलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये. काकांनी स्वतः मेसमधली बारा फुटी स्नूकरची टेबलं हलवताना पाहिली आहेत: पाच तुकडे, प्रत्येक दीडशे किलोच्या वर, आठ पाय. "आणि आपला पुण्यात जन्मलेला विल्सन जोन्स, ५८ साली बिलियर्ड्सचा जगज्जेता! कुठल्याही वैयक्तिक खेळातला भारताचा पहिला. तुमच्या पोरांना नाव तरी माहीत आहे का?" पोरांना माहीत नव्हतं. मलाही साल माहीत नव्हतं, गप्प बसलो.

सांगाडा जिन्याने नेला. एका फळीने वळणावर भिंतीचा रंग खरवडला. बारा वाजता सगळं वर. खाली हॉल मोकळा, मंडळ खूश. त्यांच्या दृष्टीने काम संपलं.

रविवार, १७ ऑगस्ट

सांगाडा जोडला. तिरक्या पायाचा बोल्ट सुतारमामांनी बदलला. काटकोन पाहायला दोन्ही कर्ण मोजले, तीन मिलिमीटरचा फरक होता, बोल्ट ढिले करून काढला.

मग माझी कारखान्यातली लेव्हल बाहेर आली. हिची एक रेघ म्हणजे मीटरला ०.०२ मिमीचा उतार. गवंड्याची पाणसळ दाखवते त्याच्या कितीतरी पुढची गोष्ट. स्पर्धेच्या टेबलाला लांबीत ०.०२० इंच आणि रुंदीत ०.०१० इंच एवढी सूट असते, म्हणजे अर्धा आणि पाव मिलिमीटर. आमच्या टेबलावर ते अकरा रेघांच्या आसपास येतं. या लेव्हलला हातात धरून बसायचं नसतं, हाताच्या उबेने बुडबुडा सरकतो. अर्धा तास खोलीत नुसती ठेवून दिली. मुलांना वाटलं, काका हिला पण देव्हाऱ्यात बसवतात.

पायांखाली पाचरी मारून आधी सांगाडा लेव्हलला आणला. मग मधला दगड, मग दोन्ही बाजूंचे. संध्याकाळी साडेसातला आडव्यात दोन रेघा, उभ्यात तीन. घरी जाऊन श्रीखंड खाल्लं.

सोमवार, १८ ऑगस्ट

सकाळी सहज वर गेलो. एका कोपऱ्याकडे बुडबुडा पार नळीच्या टोकाला.

आधी लेव्हलवर संशय घेतला. उलटी फिरवून ठेवली, तेच. मग दगड, मग पाचर. तासाभराने गुडघ्यावर बसून पायाजवळच्या टाइलवर पान्याची मूठ वाजवली. डबडब. पोकळ. शेजारची टाइल ठणठणीत. टाइल बसवताना खाली माल नीट पसरला नव्हता, आणि ट्रेडमिल दुसऱ्या बाजूला असल्यामुळे आजवर कोणाला कळलं नाही. एका पायावर नव्वद किलोचा भार, हाताच्या पंजाएवढ्या जागेत. रात्रभरात टाइल दबली आणि तिच्यावर केसासारखी एक रेघ आली.

वजनाची भीती जिन्याची आणि लिफ्टची बाळगली. जमीन वाजवून पाहिली नाही. एकतीस वर्षं मशीन बसवण्याआधी पाया तपासणाऱ्या माणसाने ही चूक करावी, हे कोणाला सांगितलेलं नाही. इथे लिहितोय.

बुधवार, २० ऑगस्ट

पाऊस इतका की खाली मांडवाचं सामानही आलं नाही. मोकळी पोरं मिळाली. तिन्ही दगड पुन्हा उतरवले, पुन्हा गादीवर उभे. पन्नास पैशांचं नाणं घेऊन अख्खी खोली वाजवली, पोकळ टाइलवर खडूने गोल काढले. सात निघाल्या. टेबल खिडकीकडे १२ सेंमी सरकवलं की चारही पाय भरीव टाइलवर येतात. लांबीच्या त्या टोकाला ६ इंच जास्त होते, त्यातले पाच गेले. प्रत्येक पायाखाली १२ मिमी प्लायचा, वीतभर चौकोनी तुकडा घातला, म्हणजे भार पसरेल.

दगड चढवले, पण या वेळी लेव्हल लगेच केली नाही. दोन दिवस तसंच बसू दिलं.

शनिवार, २३ ऑगस्ट

कॅम्पातून पूल टेबलं बसवणारे फिटर आले. साठीच्या पुढचे, हातात एक कापडी पिशवी. कापड ताणणं हे आपलं काम नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

त्यांनी माझ्या लेव्हलकडे पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे, ठेवा तिकडे." खिशातून एक पांढरा बॉल काढला आणि दगडावर इतक्या हळू सोडला की तो थांबेल की जाईल कळेना. शेवटच्या वीतभरात बॉल किंचित डावीकडे वळला. "इथे." मी लेव्हल ठेवली. सहा रेघा, तिथेच. त्यानंतर आम्ही दोघंही एकमेकांशी आदराने वागलो.

दगडाखाली घालायला मी पत्ता पुढे केला. ते म्हणाले, पत्ता जाड पडतो. खरं आहे, पत्ता म्हणजे साधारण ०.३ मिमी; ८० सेंमीच्या तुकड्याला एका कडेने तो घातला तर माझ्या लेव्हलवर अठरा-एकोणीस रेघा होतात. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुलैचं पान फाडलं, घडी घालून पट्टी केली, एकेक घडी उलगडत बसवली. जुलै संपलेलाच होता.

स्क्रू आवळताना बोटांनीच, शेवटचा पाव फेरा पेचकसने. "जास्त आवळलं तर दगड बोलतो, आणि एकदाच बोलतो."

सांध्यांवर ते नखाने तपासत होते. नख अडकलं की वर-खाली, नाही अडकलं की पुढे. मग मेण. मधमाशांचं मेण साठ-पासष्ट अंशांना वितळतं. दगड बत्तीने कोमट करून त्यावर सोडलं की सांध्यात खोल उतरतं. थंड दगडावर ओतलं तर वरच्यावर गोठतं आणि महिन्याभरात कापडाखाली खडे होतात. मी विचारलं, गाडीची पुट्टी का नाही वापरत? टिकते जास्त. ते म्हणाले, "टिकते. पण तुम्ही पुन्हा हलवणार. मेण टोच्याने निघतं, पुट्टीबरोबर दगडाचा टवका निघतो." आमच्या समितीला ते पहिल्यांदाच भेटत होते, तरी ओळखून होते. गोठल्यावर पातं आडवं धरून जादा मेण खरवडलं. तांबटाच्या हातची सफाई.

एका कडेची लाकडी पट्टी दमटपणाने फुगली होती, स्टेपल धरत नव्हती. सुतारमामांनी वीतभर कापून नवी चिकटवली.

कापड आधी एका आखूड बाजूला ठोकलं, समोरच्या बाजूने ओढलं, मग लांब बाजू, मधून टोकांकडे. खिशांपाशी काप देऊन आत वळवलं. मी एक बाजू ओढायला घेतली, माझ्या बाजूला सुरकुती आली. त्यांनी काही न बोलता माझ्या हातातून कापड घेतलं.

रविवार, २४ ऑगस्ट

कुशनच्या पट्ट्या, क्रमांकाप्रमाणे. बोल्ट आधी सगळे सैल लावले, मग मधला, मग कडेचे. कुशनची धार दगडापासून ३६ मिमीवर हवी. बॉलचा व्यास ५७.१५ मिमी, त्याच्या मध्यापेक्षा जरा वर, म्हणून बॉल कुशनला लागून वर उडत नाही. सहाही बरोबर. खिसे लावले. एक पिशवी उघडल्यावर त्यात एक बोल्ट जास्त निघाला. फोटो पाहिले, तो कुठलाच नाही. बरणीत ठेवला आहे.

पहिला डाव त्या दोन मुलांचा. खांबाकडच्या कोपऱ्यात आखूड काठी लागतेच. खालून ढोल-ताशाचा सराव ऐकू येत होता, टेबलावरचे बॉल थरथरतील की काय असं वाटलं. थरथरले नाहीत.

रविवार, ७ सप्टेंबर

काल विसर्जन झालं. आज सकाळी हॉलमधला गुलाल झाडायला सगळे खाली, मी लेव्हल घेऊन वर. कापडावरून घेतलेलं माप दगडाइतकं चोख नसतं, पण अंदाज येतो. सांध्यांवरून तळवा फिरवला, काही लागत नाही. आडव्यात एक रेघ. उभ्यात खिडकीच्या बाजूला चार, आधी तीन होती. पाचरीला हात लावला नाही.

सेक्रेटरींनी जिन्यात गाठलं. हॉल आता इतका मोकळा छान दिसतो, तर टेबल वरच राहू द्यायचं का, की दिवाळीनंतर परत खाली, असं विचारत होते. पोकळ टाइलच्या सात खुणांचा फोटो त्यांना पाठवला आहे. सात टाइल बदलायचं कोटेशन मंगळवारी येईल.